गोयकोस, सरकारी भांडवलशाहीविषयी

लिपोवार, ३ ऑक्टोबर १९५०

गोयको,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही आणि ‘कॉम्रेड’ म्हणायचा हक्क तूच सत्तेचाळीस साली काढून घेतलास, म्हणून नुसतं नाव.

तुझं पत्र पोचलं. पाकीट जाड, कागद गुळगुळीत, आणि आत इतका गोडवा की वखारीतल्या माश्या गोळा व्हाव्यात. “पक्षाला तुझ्यासारख्या वक्त्याची आज गरज आहे.” याचा अर्थ एवढाच की तुमच्या पगारी वक्त्यांच्या सभेत लोक झोपतात. मागच्या महिन्यात तुमचा एकजण इथे येऊन गेला. रशियाची कुकर्मं त्याने कागदावरून वाचून दाखवली, मान वर न करता. शेवटी सभागृहात जागा होता तो फक्त चौकीदाराचा कुत्रा, आणि तोही काही खायला मिळेल या आशेने.

पण पत्रासोबत जो शब्द पाठवला आहेस, तो वाचून मी वखारीतल्या ओंडक्यावर बसलो आणि मोठ्याने हसलो. माझ्याबरोबरचा लाकडं मोजणारा म्हणाला, “मास्तर, लॉटरी लागली काय?” मी म्हणालो, “चोरीला गेलेली वस्तू परत आलीय. चोराने वर पावती मागितलीय.”

वरच्या खुर्चीवर बसणाऱ्यांची आठवण पातळ होते, म्हणून सांगतो. शाळेचा हॉल होता. शेगडी धुमसत होती. मी उभा राहून म्हणालो की कातडी कारखान्याचा मालक पळाला आणि त्याच्या खुर्चीत आपला माणूस बसला, एवढाच काय तो फरक झाला आहे. मजुरी तेवढीच आहे. तोंड बंद ठेवायची सक्ती तेवढीच आहे. माल कुठे जातो आणि नफा कोण खातो हे विचारायची सोय तेव्हा नव्हती, आज नाही. रशियात असंच झालं आणि आपण रशियाची नक्कल करतो आहोत. याला समाजवाद म्हणू नका, याला नाव आहे, सरकारी भांडवलशाही.

तू टेबलावर मूठ आपटलीस. “असा प्रकार जगाच्या पाठीवर नाही,” म्हणालास. “हा शत्रूच्या कारखान्यातला शब्द आहे. रशियात कामगार हाच मालक.” मग मला काढायचा ठराव मांडलास आणि सगळे हात वर गेले. माझ्या बहिणीचा, देसांकाचा, नवरा इलिया पहिल्या रांगेत होता. त्याने दोन्ही हात वर केले असते, पण एका हातात टोपी होती. दुसऱ्या दिवशी शाळेतली नोकरी गेली. युद्धात जंगलात माझ्या शेजारी झोपणारे लोक रस्त्याच्या पलीकडून चालायला लागले.

पुढच्या वर्षी बेलग्रेडच्या तुमच्या मार्शलचं मॉस्कोशी बिनसलं. तुम्ही सगळे असे फिरलात की मानेचं हाड कुणाचं मोडलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. फिरला नाही तो एक इलिया. रेल्वे वर्कशॉपच्या सभेत हा लेथवाला उभा राहून म्हणाला, “परवापर्यंत तिथे कामगारांचं राज्य होतं. आज मालकाचं कसं झालं? मला कळेल असं सांगा, तोवर मी हात वर करणार नाही.” त्याला कळेल असं कुणी सांगितलं नाही. त्याला समुद्रातल्या कैद्यांच्या बेटावर नेलं.

म्हणजे मी शब्द उच्चारला म्हणून पक्षाबाहेर, आणि इलिया तोच शब्द उच्चारत नाही म्हणून समुद्रात. ठराव मांडणारा दोन्ही वेळा तूच. आणि आता तू मला लिहितोस की या शब्दावर व्याख्यानं दे.

निदान शब्दाची माहिती तरी करून घे. हा शब्द तुझ्या प्रचार खात्याच्या आधी जन्मला आहे. जर्मनीच्या चॅन्सेलरने रेल्वे सरकारी केली आणि भाट म्हणू लागले की हा बघा समाजवाद. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या समाजवाद्यांनी तोंडावर सांगितलं की बाबांनो, हे सरकारचं भांडवल आहे. आधी शेठजी पिळत होता, आता शेठजी आणि पोलीस एकाच अंगरख्यात आहेत. पुढे क्रांती झाल्यावर रशियात हाच शब्द चक्क कौतुकाने वापरला गेला. आपल्याकडे एवढं जरी आलं तरी खूप, जर्मनांकडून शिका, असं खुद्द वरून सांगण्यात आलं. आणि तिथल्याच तुरुंगांत बसलेल्यांनी तो शिवीसारखा परत फेकला. युद्धकाळात साखर वाटून देणाऱ्या सरकारांनाही प्राध्यापकांनी तेच नाव दिलं. ज्याला जशी गरज, तसा तो वापरला गेला. पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो कुणाच्या बापाला चुकवता आलेला नाही: कारखाना सरकारचा, पण सरकार कुणाचं?

व्याख्यानं देईन. मानधन नको. तुमच्या अधिकाऱ्यांच्या खास दुकानातला कोटही नको. इलियाला घरी आणा. तो गाढव आहे, पण माझ्या बहिणीचं गाढव आहे. हो असेल तर लिही, नसेल तर तुमचा तो कागदवाचू परत पाठवा. कुत्रा त्याची वाट बघतो आहे.

तेओफिल


लिपोवार, २९ ऑक्टोबर १९५०

गोयको,

“व्याख्यानमाला समाधानकारकपणे पार पडल्यास प्रकरणाचा सहानुभूतीने विचार होईल.” हे वाक्य तू एकट्याने लिहिलंस की त्यासाठी समिती बसली होती? मी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतो. तसा नसेल तर आत्ताच सांग.

तू पाठवलेला मुद्द्यांचा आराखडा मिळाला. खरं सांगायचं तर वाईट नाही. त्यातली निम्मी वाक्यं माझीच आहेत, सत्तेचाळीसच्या सभेत तूच माझ्याविरुद्ध लिहून घेतलेली. तिथे राज्य नोकरशाहीच्या हाती आहे, हा पहिला मुद्दा. अधिकाऱ्यांना वेगळी दुकानं, वेगळ्या गाड्या, हा दुसरा. कामगाराला आपला व्यवस्थापक काढता येत नाही, हा तिसरा, आणि यावरून व्यवस्था ओळखावी. झकास.

पहिलं व्याख्यान काल विटांच्या कारखान्यात झालं. आराखड्याबाहेर मी एक शब्द बोललो नाही. दर वाक्याला ‘रशियात’ म्हणालो. रशियात अधिकाऱ्याची बायको गाडीतून भाजी आणायला जाते. रशियात साहेबाच्या दुकानात कॉफी मिळते आणि कामगाराच्या घरी जवाचं पाणी. सभा अशी जागी झाली की काय सांगू! मागच्या बाकांवरचे पुढे सरकले. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. मला वाटलं माझा आवाज अजून शाबूत आहे.

मग प्रश्नोत्तरं. भट्टीवरचा एक म्हातारा उठला. “मास्तर, एक विचारू? आमच्या साहेबाच्या बायकोचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी म्हणालो, “काका, मी रशियाबद्दल बोललो.”

“ते कळलं हो,” म्हातारा म्हणाला. “पण गाडी हिरवीच ना?”

हशा. दुसरा ओरडला, “अरे, मास्तरांना अडचणीत आणू नकोस. ते रशियातली हिरवी म्हणतायत, आपली काळपट हिरवी!” मॅनेजर भिंतीजवळ उभा होता, तो त्याच्याच विटेच्या रंगाचा झाला. सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेबांचं दुकान बंद झालंय. जाहीर झालंय तसं. मागचं दार उघडं असतं ते फक्त साफसफाईसाठी.” मी त्याला काही विचारलं नव्हतं.

मी समजावून सांगितलं की हे लांबच्या देशाविषयी आहे. नकाशा काढून दाखवला. त्यांनी नकाशालाही टाळ्या वाजवल्या. गोयको, यात माझा दोष नाही. आरसा विकायला पाठवलास, आणि लोक त्यात स्वतःचंच तोंड बघतात म्हणून आता रागावू नकोस.

तेओफिल


लिपोवार, २१ नोव्हेंबर १९५०

गोयको,

“रशियाचा उल्लेख अधिक ठळकपणे व्हावा.” होतो. आता मी प्रत्येक वाक्यात दोनदा करतो. वॅगन कारखान्यात तर तो इतका ठळक झाला की तिथले लोक आता रजा मागायला ऑफिसात जाताना म्हणतात, “जरा मॉस्कोला जाऊन येतो.” यावरही मला खुलासा द्यावा लागणार असेल तर एकदम छापील नमुनाच पाठव, दर वेळी सही करून देईन.

आज पत्र देसांकासाठी आहे.

तिला जिल्हा कचेरीत बोलावलं होतं. एक पोरगेलासा अधिकारी, केसांना तेल, टेबलावर मार्शलचा फोटो. म्हणाला, “देसांकाताई, तुम्ही समजूतदार आहात. घटस्फोटाचा अर्ज करा. शिवणकेंद्रातली नोकरी परत मिळेल.”

ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याने काय केलंय ते सांगा, मग विचार करते.”

“त्याने रशियाची बाजू घेतली.”

“तीन वर्षांपूर्वी तुम्ही कुणाची घेतली होती?”

तो म्हणाला, “ताई, तेव्हा मी शाळेत होतो.” आणि ती म्हणाली, “तरीच.” हे तिने मला सांगितलं तेव्हा हसत होती, आणि सांगून झाल्यावर तिच्या त्या काळ्या रुमालाआड कितीतरी वेळ तोंड लपवून बसली. तिने अर्ज केला नाही. शेजारच्या बायका तिच्याकडून दूध घेत नाहीत. दुकानात ती गेली की बोलणं थांबतं. तिला मधूनमधून इलियाचं कार्ड येतं. “मी ठीक आहे, मला चूक कळते आहे, मार्शलचा मी आभारी आहे.” अक्षर इलियाचं आहे. पण माझ्या ओळखीचा इलिया आयुष्यात कुणाचा आभारी नव्हता, अगदी जेवायला वाढणाऱ्याचासुद्धा.

काल ती मला म्हणाली, “दादा, तुझ्या त्या भाषणांनी तो येणार आहे ना?” मी हो म्हणालो. आता तुझ्या ‘सहानुभूतीने विचार’वर माझ्या बहिणीचा संसार टांगलेला आहे. तू तिच्या लग्नात नाचला होतास. ती मक्याची भाकरी अजून तशीच करते, एवढंच कळवतो.

पुढच्या महिन्यात कापडगिरणीत, नव्या कायद्याने कामगारांनी निवडलेल्या परिषदेला कारखान्याची चावी देण्याचा समारंभ आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणे बोलेन. कागदावरून वाचीन हवं तर.

तेओफिल


लिपोवार, १८ डिसेंबर १९५०

गोयको,

तार मिळाली. “ताबडतोब खुलासा करा.” मोमिरने, म्हणजे गिरणीच्या तुझ्या लाडक्या संचालकाने, फोनवर काय सांगितलं असेल ते मला कल्पनेने ऐकू येतं. जे झालं ते आता माझ्याकडून ऐक.

सभागृह सजवलेलं. लाल कापड, हिरवी डहाळी, बँड. टेबलावर ती चावी. माणसाच्या हाताएवढी लांब, लाकडाची, सोनेरी रंग दिलेली. गिरणीच्या कुठल्याही दाराला ती लागत नाही हे सांगायची गरज नाही. जिल्ह्याचा माणूस बोलला, “आजपासून कारखाना तुमचा.” मोमिर नव्या सुटात उभा राहिला, चावी दोन्ही हातांनी उचलली आणि परिषदेच्या अध्यक्षाला दिली. अध्यक्ष म्हणजे स्तोया. मागावर काम करणारी विधवा, रुंद खांदे, आवाज मागापेक्षा मोठा. मोमिरनेच तिला निवडून आणवलं होतं, कारण ती लिहिण्या-वाचण्यात कच्ची आहे आणि ठरावांवर हूं म्हणेल असा त्याचा हिशोब.

मग माझं भाषण. तुझे तीन मुद्दे, एकही कमी-जास्त नाही. तिसऱ्याला मी जरा थांबलो, कारण वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्यापुढे थांबायची मला जुनी खोड आहे: “व्यवस्था ओळखायची असेल तर एवढंच बघा, कामगाराला आपला साहेब काढता येतो का? रशियात येत नाही.” बसलो.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे ‘आभाराचा ठराव’ होता. स्तोया चावी काखोटीला मारून उठली.

“मास्तरांनी फार सोपं करून सांगितलं,” ती म्हणाली. “रशियात साहेब काढता येत नाही. आपल्याकडे येतो. म्हणून आपण रशिया नाही. बरोबर ना, मास्तर?”

मी काय म्हणणार? मी म्हणालो, “बरोबर.”

“मग परिषदेचा पहिला ठराव. कॉम्रेड मोमिर यांना काढावं. सुताच्या गाठींचा दंड आमच्या पगारातून कापतात आणि खराब सूत स्वतःच्या मेव्हण्याकडून घेतात. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा.”

गोयको, तुला हसू येणार नाही, पण त्या बायकांनी इतक्या सरळपणे हात वर केले! कुणी शेजारणीकडे पाहिलंसुद्धा नाही. बँडवाल्याला वाटलं ठराव नेहमीचाच. त्याने विजयगीत सुरू केलं. जिल्ह्याचा माणूस ओरडत होता, “थांबा, थांबा! परिषदेला फक्त शिफारस करता येते! काढायचं की नाही ते वरून ठरतं!”

स्तोयाने बँड थांबवला. “वरून म्हणजे कुठून?”

“वरून म्हणजे... योग्य त्या ठिकाणाहून.”

“मग ही चावी आम्हाला कशाला दिलीत? पोळ्या लाटायला?”

यात कट नव्हता. त्यांनी एवढंच केलं की तुमचं म्हणणं खरं धरलं. इतका भोळेपणा तुमच्या हिशोबात नव्हता, याला मी काय करू?

तेओफिल


लिपोवार, १२ जानेवारी १९५१

आदरणीय कॉम्रेड गोयको,

आपल्या पत्रातल्या सूचनेनुसार मी काल कापडगिरणीत गेलो आणि सर्व कामगारांपुढे पुढील गोष्टी जाहीर केल्या.

गेल्या भाषणात माझ्या बोलण्यामुळे गैरसमज झाला. सरकारी भांडवलशाही फक्त रशियात आहे. साहेब काढता येतो का, ही कसोटी फक्त तिकडे लावायची आहे. आपल्याकडे ती लावणं हे अज्ञान आहे आणि ते अज्ञान माझ्यामुळे पसरलं. संचालक मोमिर हे कामगारवर्गाचे खरे सेवक आहेत.

परिषदेने आपला ठराव एकमताने मागे घेतला. सगळे हात वर गेले. कॉम्रेड मोमिर यांनी डोळे पुसले.

टाळ्या खूप वेळ चालल्या. त्या जरा जास्तच चालल्या असं कुणी आपल्याला कळवलं असेल, तर थंडी फार होती आणि लोकांचे हात गारठले होते.

माझ्याकडून जे हवं होतं ते सगळं झालं आहे. इलियाबद्दल आपण शब्द दिला आहे. याहून जास्त मी आज काही लिहीत नाही.

तेओफिल


लिपोवार, १८ मार्च १९५१

गोयको,

इलिया एक तारखेला, गुरुवारच्या गाडीने आला. आता तू त्याला परत नेऊ शकत नाहीस असं मी समजत नाही. तुम्ही काहीही करू शकता. तरीही जानेवारीतलं ते आज्ञाधारक पत्र मला अजून पचलेलं नाही, आणि ज्या स्तोयाने मला ते लिहायला लावलं तिने परवा सांगितलं, “लिहा मास्तर, माझं नावसुद्धा लिहा. जे केलं ते कायद्याने केलंय.”

जाहीर माघार घेतली तर इलिया सुटेल, अशी तुझी अट आली तेव्हा मी स्तोयाच्या घरी गेलो होतो. वाटेत भाषण जुळवत होतो, की ताई, माझ्या बहिणीखातर माझा अपमान मी सोसेन, पण तुमचा ठराव मोडायला सांगायचं तोंड मला नाही, वगैरे. ती चुलीपुढे मिरच्या भाजत होती. मी दोन वाक्यं बोललो असेन.

“इलिया म्हणजे रेल्वेतला? उंच? आमच्या गिरणीचा पट्टा एकदा येऊन फुकट जोडून गेला होता,” ती म्हणाली.

“तोच.”

“आणि तुम्ही चार खोट्या गोष्टी बोललात की तो सुटतो?”

“तसं लिहिलंय.”

“मग बोला की! एवढं काय तोंड पाडून बसलात? मोमिरला दोन महिन्यांनी काढता येईल. तो काय पळतोय? त्याला इथल्यासारखी कॉफी कुठे मिळणार?” तिने मिरची उलटली. “मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं खोटं बोलताना फार कण्हता बघा. आम्ही रोज पाळीच्या शेवटी ‘माल उत्तम’ म्हणून सही ठोकतो.”

मग परिषदेच्या बायकांनी आपापसांत ठरवलं. मोमिर राहील. इलिया घरच्या उंबऱ्याला पाय लावेपर्यंत राहील. त्या दिवशी मी व्यासपीठावर उभा राहून मोमिरला कामगारवर्गाचा खरा सेवक म्हणालो तेव्हा पहिल्या रांगेत त्यांनी देसांकाला मध्ये बसवलं होतं, आणि टाळ्या तिच्याकडे बघून चालल्या होत्या. जंगलातल्या दिवसांपासून मी भाषणं करतो आहे. माझ्या एकाही शब्दावर कुणाचा विश्वास नसताना इतकं मन लावून कुणी मला ऐकलं नव्हतं.

तो आला त्याच शनिवारी परिषद पुन्हा बसली आणि मोमिरला काढायची शिफारस पुन्हा केली, या वेळी बँड न लावता. तुम्ही ती मान्य केलीत, हे तर तुला माहीतच आहे. मोमिरला तुमच्या शेजारच्या इमारतीत, वस्त्रोद्योगाच्या कचेरीत मोठ्या जागेवर नेलंत; आता तो एका गिरणीऐवजी सगळ्या गिरण्यांसाठी मेव्हण्याकडून सूत घेईल. आणि गिरणीवर नवा संचालक आला, काळ्या गाडीतून, बेलग्रेडहून, परिषदेला न विचारता. स्तोयाने फाटकात त्याला विचारलं, “तुम्ही कुणाचे?” तो म्हणाला, “मी तुमचाच.” बायका कामावर गेल्या. आता तू मला या व्यवस्थेचं नाव विचार. तुझ्याच आराखड्यातून सांगेन.

पण सांगणार नाही. व्याख्यानं मी बंद केली आहेत. हे पत्र त्यासाठीच आहे.

इलियाने बेटावरचं काही सांगितलेलं नाही. तुम्ही त्याच्याकडून सही घेतली आहे आणि तो ती पाळतो. हे मी मुद्दाम नोंदवतो, म्हणजे उद्या कुणी त्याच्या दारात यायला नको. त्याने एक अक्षर सांगितलेलं नाही.

तो आल्यावरच्या पहिल्याच रविवारी देसांकाने मला जेवायला बोलावलं. मक्याची भाकरी, शेंगांचा रस्सा, इलियाला आवडतं म्हणून डुकराचं खारवलेलं मांस कुठूनतरी मिळवलं होतं. तो सावकाश जेवत होता. वाटीभोवती हात घालून. मी नेहमीसारखा बडबडत होतो. मला शांतता सहन होत नाही, हे तुला ठाऊक आहे. मोमिरची गंमत सांगितली, आदल्या दिवशीचा बँडशिवायचा ठराव सांगितला, देसांका हसली, तोही हसल्यासारखा झाला. मला बरं वाटलं. आणि त्या भरात, गिरणीच्या बोलण्यात, मी तो शब्द उच्चारला. सरकारी भांडवलशाही. घरातल्या घरात, भाकरी मोडता मोडता.

इलियाने वाटी खाली जमिनीवर ठेवली. उठला. भिंतीकडे तोंड करून टाचा जुळवून उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून. आणि मोठ्याने, एका सुरात म्हणाला:

“सरकारी भांडवलशाही म्हणजे उत्पादनाची साधनं सरकारच्या मालकीची, सरकार नोकरशाहीच्या ताब्यात, आणि कामगार पूर्वीसारखाच मजुरीचा गुलाम, अशी व्यवस्था. ती रशियात आहे. मी हे नाकारलं. मी पक्षद्रोही डाकू होतो.”

मग मान न वळवता विचारलं, “बरोबर आलं का?”

त्याला मी विचारणार होतो की इलिया, तुला कळेल असं कुणी सांगितलं का रे. ते विचारायला मी त्याला नेलं त्या दिवसापासून वाट बघत होतो. व्याख्येत एक शब्द चुकीचा नव्हता. मी त्याच शब्दांसाठी नोकरी घालवली, मित्र घालवले, आणि आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

मी म्हणालो, “बरोबर आहे, इलिया. ये, बस. रस्सा निवतोय.”

तो बसला नाही. हलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणालो. भिंतीवर त्याचा श्वास आपटत होता.

देसांका खालच्या आवाजात म्हणाली, “दादा, असं नाही. तो हुकमाशिवाय बसत नाही.”

“मी काय म्हणायचं?”

“‘बसा’ म्हणायचं. जोरात. गुरुवारपासून मीच म्हणते आहे.”

आणि गोयको, मी म्हणालो.

तेओफिल